बघणाऱ्यांचीही सोय करा

प्रति,
मा. नगराध्यक्ष आणि सर्व नगरसेवक-नगरसेविका,
नगरपंचायत, बाभुळगाव, जि. यवतमाळ



तालुक्याच्या गावी मॅरेथॉन ठरली की तयारीची यादी भराभर होते. टी-शर्टचा रंग, फ्लेक्सवरचे फोटो, मंडप, माईक, पदके, पाहुणे, हिरवी झेंडी. नावे नोंदवायला एक टेबल आणि दोन खुर्च्या. या यादीत एक माणूस बहुधा नसतो, तो म्हणजे रस्त्याच्या कडेला उभा राहून बघणारा. तो आला तर आला. सकाळी झेंडी हलते, फोटो निघतात, पाहुणे पुढच्या कार्यक्रमाला जातात आणि पोरं-पोरी रिकाम्या रस्त्याने पळत राहतात. बाभुळगावात पुढची शर्यत जेव्हा केव्हा होईल, तेव्हा ती अशी होऊ नये, एवढ्यासाठी हे खुले पत्र.

शर्यत बघणे हे रिकामटेकड्यांचे काम आहे, असा समज असेल तर तो आधी सोडावा लागेल. भारताचा संघ ऑलिंपिकला गेला त्यामागेही एका बघणाऱ्याची नजर होती. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धा भरल्या होत्या. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा तिथे हजर होते. धावायला उतरलेली पोरं शेतात राबणाऱ्या घरांतली, अनवाणी. शर्यतीचे नियम त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. तरीही त्यांच्यातल्या काहींची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या वेळेशी तोलता येईल अशी निघाली. टाटांनी ते बघितले आणि ते त्यांच्या मनातून गेले नाही. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकिगत स्वतः सांगितली आहे. १९१९ च्या त्या स्पर्धांनंतर वर्षभरात, त्यांच्याच पुढाकाराने, सहा खेळाडूंचा संघ बेल्जियममधल्या अँटवर्पला पोहोचला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. १९२० च्या त्या ऑलिंपिकमधली मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरची होती. चौगुलेंनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. टाटा त्या दिवशी नुसते बक्षीस वाटायला शेवटच्या अर्ध्या तासात आले असते, तर अनवाणी पोरांचे पळणे त्यांना दिसलेच नसते.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि विदर्भाच्या मातीशी नाते असलेले. लताबाई भगवान करे मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. पोटापाण्यासाठी कुटुंब बारामतीकडे गेले. नवरा आजारी पडला, तपासण्यांचा खर्च समोर उभा राहिला आणि हातात पैसा नव्हता. २०१३ साली बारामतीच्या शरद मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर गटाला पाच हजारांचे बक्षीस आहे, हे त्यांच्या कानावर आले. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी पायांनी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्या वर्षीही त्या जिंकल्या. त्यांच्या आयुष्यावर २०२० मध्ये 'लता भगवान करे' हा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

ही गोष्ट सांगताना सगळे बक्षिसाचे आणि आजाराचे बोलतात. ते खरेच आहे. पण त्या रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांचाही विचार करावा. नऊवारीचा काष्टा घातलेली, शिरा ताणलेली एक म्हातारी बाई जीव तोडून पळते आहे, हे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. असे काही बघितल्यावर माणूस घरी जातो तो थोडा वेगळा होऊन जातो. आपल्या आईकडे, सासूकडे, शेजारच्या काकूंकडे त्याची नजर वेगळी पडते. बारामतीच्या त्या रस्त्यावर माणसे नसती तर ही गोष्ट बक्षिसाच्या यादीतल्या एका ओळीत संपली असती.

मॅरेथॉनचे पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर. एवढे लांब पळणाऱ्याचा चेहरा वाटेत कितीतरी वेळा बदलतो. सुरुवातीला सगळे हसरे असतात, एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात, मोबाईलकडे बघून हात हलवतात. पहिले काही किलोमीटर गेले की बोलणे थांबते आणि श्वासाची लय लागते. मधल्या टप्प्यात चेहऱ्यावर फारसे काहीच दिसत नाही. खरी परीक्षा तीस किलोमीटरच्या पुढे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन संपत येते, पाय दगडासारखे जड होतात, मेंदू एकच गोष्ट सांगू लागतो: थांब. धावणारे त्याला 'वॉल लागली' म्हणतात. तेव्हा ओळखीचा माणूस समोर आला तरी डोळ्यांत ओळख दिसत नाही. गालांवर वाळलेल्या घामाच्या मिठाची पांढरी रेघ, ओठ कोरडे, हाताच्या मुठी नकळत आवळलेल्या. अशा वेळी कुणी नावाने हाक मारली तर मान किंचित वर होते. पळण्याचा वेग वाढतो असे नाही. पण पुढचे पाऊल पडते.

मुंबई मॅरेथॉनमध्ये हे फार ठळक दिसते. २००४ पासून होणारी ही शर्यत २०१० पासून वांद्रे-वरळी सागरी सेतूवरूनही जाऊ लागली. सेतू देखणा आहे, समुद्राचा वारा आहे, पण तिथे बघणाऱ्यांना उभे राहायला जागा नाही. कानावर येतो तो फक्त हजारो बुटांचा आवाज. याच शर्यतीत शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. थकलेल्या पायांना हा चढ नको असतो. आणि तिथेच दोन्ही बाजूंच्या इमारतींतली माणसे खाली उतरलेली असतात. आजीबाई संत्र्याच्या फोडी घेऊन, पोरं बिस्किटे आणि चिक्की घेऊन, कुणी दुखऱ्या पोटऱ्यांवर मारायचा स्प्रे घेऊन. ओळख ना पाळख. छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावर छापलेले नाव वाचतात आणि त्या नावाने ओरडतात. सेतूवर गप्प झालेले चेहरे पेडर रोडवर पुन्हा माणसात येतात.

बघणाऱ्याला मात्र एक मर्यादा पाळावी लागते. त्याने पळणाऱ्याला हात लावायचा नसतो. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री सगळ्यांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला, पण भान हरपले होते. तो चुकीच्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला. न राहवून पंचांनी त्याला उचलले, रेषेपर्यंत सांभाळून आणले. मदत घेतली म्हणून तो बाद ठरला. दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या राणीने त्याला वेगळा चषक दिला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदा स्त्रियांची मॅरेथॉन झाली. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हाने अर्धमेली होऊन स्टेडियममध्ये आली. अंग एका बाजूला कललेले, एक पाय ओढत. डॉक्टर तिच्या शेजारून चालत होते. हात लावला की ती बाद होणार, हे त्यांना माहीत होते आणि तिलाही. शेवटची एक फेरी पुरी करायला तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. तेवढा वेळ सगळे स्टेडियम तिच्यासाठी ओरडत राहिले. ती ३७ वी आली. त्या गर्दीकडे तिला द्यायला आवाजाखेरीज दुसरे काहीच नव्हते.

आवाजाने, हसण्याने शरीरावर खरेच काही फरक पडतो का, हा प्रश्न संशोधकांनीही हाताळला आहे. उल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये धावणाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कपाळाला आठ्या घालून पळण्यापेक्षा हसत पळताना शरीराला ऊर्जा थोडी कमी लागते, साधारण दोन-तीन टक्क्यांनी, असे दिसले. आठ्या घातलेल्या माणसाला हसवायचे काम रस्त्याच्या कडेला उभी असलेली एखादी चिमुरडी दोन सेकंदांत करते. पोलंडमधला एक अभ्यास आणखी वेगळा आहे. क्राकोव्हची मॅरेथॉन पुरी केलेल्या ६२ जणांना शेवटच्या रेषेवर विचारले गेले, किती दुखते आहे आणि मनात काय चालले आहे. काही महिन्यांनी पुन्हा विचारल्यावर त्यांना आपले दुखणे प्रत्यक्ष होते त्यापेक्षा कमी आठवत होते, आणि ही आठवण शेवटच्या रेषेवरच्या मनःस्थितीशी जोडलेली होती. त्या रेषेवर धावणाऱ्याचे स्वागत कसे होते, याला म्हणूनच महत्त्व आहे. रिकामा मंडप आणि खुर्च्या आवरणारी माणसे बघून परत गेलेला पोरगा पुढच्या वर्षी कशाला येईल?

आता बाभुळगावाबद्दल.

थंडीच्या दिवसांत उजाडायच्या आधी यवतमाळ-धामणगाव रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी पळताना दिसतात. कुणाच्या हातात मोबाईलची बॅटरी, कुणी दोघी-तिघी मिळून, एकीचा भाऊ मागून सायकलवर. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. पुरुषांना १६०० मीटर, स्त्रियांना ८०० मीटर. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावण्याचे. वनरक्षक व्हायचे तर पुरुषांना ५ आणि स्त्रियांना ३ किलोमीटर. कापसाच्या भावावर ज्यांचे घर चालते, त्या घरातल्या पोराला सेकंदाची किंमत काय असते हे वेगळे सांगायला नको. दोन सेकंदांनी गुण जातो, गुणाने नाव यादीतून जाते, आणि मग पुढच्या भरतीपर्यंत पुन्हा पहाट.

भरतीच्या दिवशी बाप पोराबरोबर जिल्ह्याच्या गावी जातो. आत फक्त उमेदवारालाच सोडतात. बाप फाटकाबाहेर राहतो. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात पोराच्या चपला, कारण पोरगा बूट घालून आत गेलेला असतो. आतल्या लाउडस्पीकरवर क्रमांक पुकारले जातात, ते नीट ऐकू येत नाहीत. बाप भिंतीकडे बघत उभा असतो. त्याचे पोर आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची शर्यत पळते आणि बापाला त्यातले एक पाऊलही दिसत नाही. पोरगा बाहेर आला की बाप त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करतो, विचारत नाही. "जेवून घे आधी," एवढेच म्हणतो.

परीक्षेला शिस्त लागते, फाटक बंद ठेवावे लागते, याबद्दल तक्रार नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले, काहींचा जीव गेला. त्यानंतर अंतर कमी झाले. धावण्याच्या चाचणीत काय पणाला लागते, हे त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्राने बघितले. प्रश्न एवढाच आहे की वर्षातून एक सकाळ अशी असावी, की ज्या दिवशी हीच पोरं-पोरी भिंतीच्या आत नाही तर गावाच्या मधोमध पळतील आणि त्यांचे आईबाप त्यांना पळताना बघतील. अनेक आयांनी आपली पोरगी पळताना कधी बघितलेलीच नसते. ती पहाटे उठून जाते आणि लाल चेहऱ्याने परत येते, एवढेच त्यांना ठाऊक.

शेवटच्या रेषेजवळ थांबलेल्या आईकडे कधी निरखून बघावे. प्रत्येक येणाऱ्या पोरीकडे ती बघत असते. लांबून ओळखीचा रंग दिसला की टाचा उचलते, मान ताणते. ती दुसऱ्याची निघाली की खांदे खाली येतात, पण टाळ्या वाजवणारे हात थांबत नाहीत, कारण तीही कुणाची तरी आहे. मग आपली दिसते. अशा वेळी पुष्कळ आया ओरडत नाहीत. नाव घशातच अडकते, पदराचे टोक तोंडावर जाते. ओरडतो तो शेजारी, ज्याचा त्या पोरीशी काही संबंध नाही. "हान! आता जवळच हाय! दम नोको सोडू, माय!" आणि ती पोरगी, जिला दोन मिनिटांपूर्वी थांबावेसे वाटत होते, हात जोरात हलवू लागते.

या भागाला पळणे कसे बघावे हे शिकवायची गरज नाही. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बघितलेल्या माणसाला ते माहीत आहे. पटाला लोक गावोगावहून येतात, जोडीचे नाव सांगतात, ती हाकणाऱ्या धुरकऱ्याचे नाव सांगतात, मागच्या पटात किती सेकंद लागले हे तोंडपाठ सांगतात. अशा शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांतही ही आठवण पुसली गेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली आणि पटाची मैदाने पुन्हा भरली. जोडी सुटताच हजारो माणसांचा श्वास अडकतो, हे इथल्या प्रत्येकाने अनुभवले आहे. बैलांच्या पळण्याचे सेकंद लक्षात ठेवणाऱ्या गावाला आपल्या पोरीच्या ८०० मीटरचे सेकंदही माहीत असावेत, असे मनापासून वाटते.

म्हणून नगरपंचायतीला काही विनंत्या.

शर्यतीचा मार्ग गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावरून काढू नये. तो सोयीचा असतो, वाहतूक अडत नाही, पण तिथे बघायला कोणी येत नाही. मार्ग बसस्थानकावरून, बाजारपेठेतून, शाळांसमोरून, वस्त्यांच्या गल्ल्यांच्या तोंडाशी जावा. पल्ला लांब हवा असेल तर त्याच रस्त्याने दोन-तीन फेऱ्या ठेवाव्यात. ओट्यावर बसलेल्या आजोबांसमोरून नातू तीन वेळा गेला तर त्यांना तीन वेळा हात हलवता येईल. दोन तास वाहतूक वळवावी लागेल. मिरवणुकांसाठी ती वळवली जातेच.

छातीवरच्या कागदावर क्रमांकाबरोबर नाव असावे. देवनागरीत, ठळक, फक्त पहिले नाव. प्रायोजकाचे चिन्ह लहान चालेल, नाव लहान चालणार नाही. अनोळखी माणसाला ओरडण्यासाठी नाव लागते. "पळ पळ" कितीही मोठ्याने म्हटले तरी ते कुणालाच लागू होत नाही, "वैष्णवी, हान!" म्हटले की ते एकीला लागते.

डीजे नको. हे कदाचित कडक वाटेल, पण डीजेच्या भिंतीसमोर माणसाचा आवाज मरतो आणि शर्यतीला माणसाचाच आवाज हवा असतो. ढोल, लेझीम, शाळेचे बँडपथक, भजनी मंडळाचे टाळ-मृदंग चालतील, कारण त्यांच्यामधून हाक ऐकू येते. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन होते. तिथले गावकरी घाटाच्या वळणांवर याच वाद्यांनी धावणाऱ्यांना वर चढवतात, आणि देशभरातून आलेला माणूस परत जाताना डोंगराइतकेच त्या माणसांबद्दल बोलतो.

मोटारसायकली आत सोडू नयेत, हीसुद्धा आग्रहाची विनंती. मित्राला धीर द्यायला म्हणून पोरं गाडीवरून शेजारी चालतात, मागचा बसून व्हिडिओ काढतो. त्यामागे प्रेमच असते. पण गाडीचा धूर नेमका पळणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. गाडी घरी ठेवून त्याच पोरांना अवघड टप्प्यावर उभे करावे, पाण्याचे ग्लास हातात देऊन. संत्र्याच्या दिवसांत संत्र्याच्या फोडी, नाही तर गूळ-शेंगदाणे. हे काम बचत गटांच्या बायांकडे दिले तर त्या ते कुठल्याही ठेकेदारापेक्षा चांगले करतील. रुग्णवाहिका आणि एक डॉक्टर मात्र पहिल्या मिनिटापासून शेवटच्या माणसापर्यंत हजर हवेत. त्यात काटकसर करू नये.

आणि पाहुणे. पाहुण्यांना झेंडी दाखवायला न बोलावता शेवटी बोलवावे, शेवटचा माणूस येतो त्या वेळी. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या शहरांदरम्यान १९२१ पासून कॉम्रेड्स नावाची शर्यत होते, नव्वद किलोमीटरच्या आसपासची. मुंबई-पुण्याकडचे मराठी धावणारेही तिथे जातात. बारा तासांत पोहोचला तर पोहोचला. बारा तास पूर्ण होताच रेषेकडे पाठ करून उभा असलेला पदाधिकारी बंदूक झाडतो आणि रेषा बंद होते. जिंकणारा केव्हाच आलेला असतो, पण गर्दी हलत नाही. शेवटच्या दहा मिनिटांसाठी लोक मुद्दाम थांबतात. अनोळखी माणसे एकमेकांना आधार देत रेषेकडे येतात, काही रेषेच्या अलीकडे चार पावलांवर अडकतात, आणि बघणारे हजारो लोक ढसाढसा रडतात. बाभुळगावातही शेवटच्या क्रमांकाला मंडप उभा असावा, माईक चालू असावा, मोजणारा माणूस जागेवर असावा. शेवटून येणाऱ्यांत बहुधा एखादी पन्नाशीची बाई असेल, एखादा साखरेचा आजार जडलेला शिक्षक असेल, आयुष्यात पहिल्यांदा पळणारी एखादी लठ्ठ मुलगी असेल. त्यांच्यासाठी टाळी वाजली तर पुढच्या वर्षी त्यांच्यासारखे आणखी येतील.

ज्येष्ठांचा गट हवा, आणि त्या गटात साडी नेसून, अनवाणी पळायला मुभा हवी. टी-शर्ट घातलाच पाहिजे, ही अट घालणाऱ्याला लताबाई करे यांची गोष्ट सांगावी.

गावाला या कामात अनुभवी माणसांची मदतही मिळू शकेल. 'लोकमत'चे संस्थापक, स्वातंत्र्यसैनिक जवाहरलाल दर्डा यांचा जन्म बाभुळगावचा. त्याच वृत्तपत्राच्या नावाने नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे महामॅरेथॉन होते. नागपूरच्या शर्यतीत राबलेल्या स्वयंसेवकांना एक दिवस बोलावले तर मार्ग आखणे, पाण्याची टेबले, वेळ मोजणे हे सगळे ते समजावून सांगतील. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासूनचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाने तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. शंभर वर्षे मैदाने सांभाळणारी संस्था शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

यवतमाळ जिल्ह्याचे नाव बाहेर निघते ते बहुतेक वेळा कापसाच्या भावासाठी, नापिकीसाठी, शेतकरी आत्महत्यांसाठी. त्या बातम्या खऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. पण त्याच घरांतून पहाटे चारचा गजर लावून उठणारी पोरं निघतात, हेही तेवढेच खरे. गाव रस्त्यावर येते ते मोर्चाला येते, मिरवणुकीला येते, मयतीला येते. दुसऱ्याच्या पोराने घेतलेल्या मेहनतीला दाद द्यायला गाव एकत्र उभे राहील, असे निमित्त फार थोडे असते. शर्यत हे त्यातले एक आहे आणि त्याला खर्चही फारसा नाही.

दिवस ठरवताना एवढे बघावे की कापसाच्या वेचणीची ऐन घाई नसेल. वेचणीला जाणाऱ्या बायांना सकाळी सातलाच ऑटो गाठावा लागतो. त्यांना सोडून शर्यत झाली तर निम्म्या धावणाऱ्यांच्या आया बघायला नसतील. भरतीची तारीख लागली असेल तर तीही टाळावी. आणि उन्हाळ्यात, मार्चच्या पुढे, तर अजिबात नको. इथले ऊन माणसाला पळू देत नाही आणि उभेही राहू देत नाही. थंडीतला एखादा रविवार बरा. आपल्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा आणि तारीख ठरली की निदान महिनाभर आधी ती फलकावर लावावी. पुण्या-नागपूरला कामाला असलेल्या भावांना आणि बापांना रजा टाकायला तेवढे दिवस लागतात.

आपला,
बाभुळगावचा एक रहिवासी